एल्डरबेरीचं पौष्टिक

१५ सप्टेंबर

नदीकाठच्या कुंपणावरची एल्डरबेरी काळी झाली. सकाळी जाऊन दोन टोपल्या भरून आणल्या. वरच्या फांद्या शेजारच्या जेबेझ ऑलर्टन यांनी आकडीने वाकवून धरल्या. उभं आयुष्य खाणीत दगड फोडलेला माणूस, पण नुसती फांदी धरताना चेहरा कानापर्यंत लाल. रक्तात दोष असला की असं होतं. बायको गेल्यापासून स्वतःच्या हातचं खातात, म्हणजे डब्यातले मटार. मी म्हटलं, "मिस्टर ऑलर्टन, तुमच्या अंगात लोह नाही."

ते म्हणाले, "नसेल, बाई."

माझं म्हणणं इतक्या मुकाट्याने मान्य करणारा माणूस शाळेच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढूनही मला भेटला नव्हता.

दुपारी वाईट बातमी आली. आमच्या चॅपलमध्ये रविवारी मूठभर डोकी असतात, आणि त्यातली निम्मी छातीवर कललेली. जिल्ह्याचे मुख्य पाळक मिस्टर हेझलडीन यांनी कळवलंय, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माणसं वाढली नाहीत तर चॅपल बंद होणार आणि इमारत गालिच्यांच्या गोदामाला जाणार. आमचे तरुण पाळक मिस्टर पास्क यांनी हे इतक्या बारीक आवाजात सांगितलं की मिसेस सगडेनने दोनदा विचारलं, "कुणाला हवेत गालिचे?"

माझं मत असं, की प्रश्न श्रद्धेचा नाहीच. लोकांच्या अंगात त्राण नाही. शाळेत मी हेच पाहिलं. अशक्त पोर प्रार्थनेत डुलक्या काढतं, पोटभर जेवलेलं पोर छप्पर उडेस्तोवर गातं. माझ्या फडताळात गेल्या वर्षीचं एल्डरबेरीचं पौष्टिक आहे, यंदाचं होईलच. ते या गावाच्या पोटात गेलं पाहिजे.

२१ सप्टेंबर

पौष्टिक घातलं. डॉर्कस मावशीची कृती, एका अक्षराचा फरक नाही. बेऱ्या काट्याने देठावरून ओरबाडायच्या, ठेचायच्या, वर उकळतं पाणी. लवंग, आलं, भरपूर साखर. कोमट झालं की भाजलेल्या पावाच्या तुकड्यावर यीस्ट फासून तो वर तरंगत सोडायचा. लहानपणी मला वाटे हा पाव कशाला? पोषणशास्त्राचं पुस्तक वाचल्यावर उलगडलं. यीस्टमध्ये ब जीवनसत्त्व असतं. मावशीला सही करता येत नव्हती, पण ब जीवनसत्त्व कळत होतं.

आता ते फडताळात बुडबुडतंय. कान लावला की आत कुणीतरी कुजबुजल्यासारखं वाटतं. हळूहळू गोडी जाते, म्हणजे साखरेची शक्ती होते.

मावशी चौऱ्याण्णव वर्षं जगली. दुपारच्या चहाऐवजी दोन पेले हे घ्यायची आणि मग संध्याकाळभर स्तोत्रं म्हणायची, कधी खुर्चीवर उभी राहून. दारूला तिने आयुष्यात हात लावला नाही. मीही नाही. आमचे वडील शुक्रवारी पगार घेऊन निघत आणि शनिवारी पगाराशिवाय घरी येत. मी नऊ वर्षांची असताना चॅपलमध्ये दारू न पिण्याच्या शपथेवर सही केली. ती सही मी मोडलेली नाही. माझ्याजवळ अभिमान बाळगण्यासारखं फार काही नाही, हे एक आहे.

४ नोव्हेंबर

पाळकसाहेबांपासून सुरुवात केली. दक्षिणेकडचा मुलगा, मान पेन्सिलीएवढी. उपासनेआधी मागच्या खोलीत त्यांना चहाच्या कपात पौष्टिक दिलं. एक घोट घेऊन ते थांबले.

"मिस हॅगार्थ, यात काय काय आहे?"

मी सगळं सांगितलं. बेऱ्या, साखर, यीस्ट, आणि वर्षभर फडताळात ठेवणं.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कप रिकामा केला. म्हणाले, "लोह जाणवतंय."

मला फार बरं वाटलं. एरवी ते प्रवचन कागदावरून वाचतात आणि कागद थरथरत असतो. आज कागद खिशातून काढलाच नाही. बायबलातला योना माशाच्या पोटात असताना त्याला कसा वास आला असेल, हे त्यांनी असं काही सांगितलं की मिसेस सगडेन जागी झाली आणि जागीच राहिली.

२ डिसेंबर

मिसेस सगडेन स्वतःहून आली. ती चॅपलच्या दारूबंदी मंडळाची चिटणीस. गेली कित्येक वर्षं माझ्या केकमध्ये काहीतरी कमी आहे असं ती चारचौघांत म्हणत आली आहे. आज म्हणाली, "विनिफ्रेड, अगं, पाळकांना तू काय देतेस म्हणे? माझे गुडघे फार धरलेत."

अर्धा कप दिला. तिने चाखून कप पुढे केला. "माझे दोन्ही गुडघे धरलेत."

जाताना तिने मला मिठी मारली आणि माझ्या केकमध्ये काहीही कमी नाही, कधीच नव्हतं, असं म्हणाली. मग दारातल्या छत्र्यांच्या स्टँडलाही 'येते गं' म्हणून गेली. लोहाची कमतरता भरून निघाली की स्वभाव किती निवळतो.

जेबेझ ऑलर्टन रोज संध्याकाळी आपला डोस घ्यायला येतात. डोळे मिटून, श्वास रोखून एका दमात पितात. औषध असंच प्यावं. नंतर माझी कोळशाची बादली भरतात, गळकं पन्हाळं दुरुस्त करतात. इतकी ताकद आली, तरी मी समोर बसले की लाल होणं काही जात नाही. डोस वाढवावा का?

६ जानेवारी

कोळशाच्या संपामुळे चॅपलची शेगडी पेटत नाही. लोक कोट-मफलरांत बसले होते. मी मोठ्या किटलीत पौष्टिक लवंग घालून गरम केलं आणि उपासनेआधी वाटलं. गरम केल्याने क जीवनसत्त्व थोडं जातं, पण थंडीपुढे इलाज नव्हता.

माणसं वाढतायत. आज मागचा बाक भरला. वरच्या गल्लीतले खाणकामगार, जे लग्न आणि मयत सोडून कधी फिरकत नाहीत, तेही आले आणि वेळेच्या कितीतरी आधी आले. शेवटचं गीत एवढं रंगलं की ते पुन्हा म्हटलं, मग पुन्हा. शेवटी पेटी वाजवणाऱ्या बाईने झाकण लावलं तरी पुरुष मंडळी गात राहिली.

बाहेर पडताना मिसेस सगडेन मला म्हणाली, "आज लोह जरा जास्तच होतं का गं?"

मी म्हटलं, "बर्फ पडतंय ना, म्हणून मी थोडं जास्त वाटलं."

"बर्फ अजून बरेच दिवस पडायला हवं," ती म्हणाली.

१० फेब्रुवारी

आज लाज वाटण्यासारखं घडलं. यंदाच्या बाटल्या मी चॅपलच्या मागच्या खोलीत ठेवल्या होत्या, तिथेच हाताशी असाव्यात म्हणून. संप असला तरी कुणीतरी दया येऊन तिथली छोटी शेगडी आज पेटवली होती. मौन प्रार्थना चालली असताना आतून 'फट' असा आवाज झाला. कुणी हललं नाही. मग दुसरा झाला. पहिल्या महायुद्धात लढलेले म्हातारे मिस्टर टॉली बाकाखाली गेले. तिसऱ्या आवाजाला पाळकसाहेब डोळे न उघडता "आमेन" म्हणाले. मग प्रत्येक बूच उडालं की सगळी मंडळी मिळून "आमेन" म्हणू लागली. शेवटची बाटली बराच वेळ उडेना, तेव्हा लोक वाट पाहत थांबले.

नंतर आत जाऊन पाहिलं, तर येशूच्या चित्राला जांभळी दाढी आली होती. मी पुसत असताना जेबेझ ऑलर्टन बादली घेऊन आले. छतापर्यंत शिडी लावून सगळं धुतलं. मी म्हटलं, "जीवनसत्त्वांचा जोर फार आहे."

"आहे खरा, बाई," ते म्हणाले.

१९ मार्च

मला सर्दी. म्हणून नेहमीच्या लहान कपाऐवजी मोठा पेला घेतला. मग दुसरा, कारण पहिल्याने नाक मोकळं झालं नाही. आता नाक आहे की नाही तेच कळत नाही, म्हणजे गुण आला. पेन आज सरळ चालत नाही. पेन जुनं झालंय. जेबेझ ऑलर्टन सूप घेऊन आले होते, डब्यातल्या मटारांचं. मी त्यांना म्हटलं की तुमचे कान फार छान आहेत. हे मी का म्हटलं? कान छान आहेत हे खरं आहे. पण असं कुणी म्हणतं का? ते पार जांभळे झाले आणि दार समजून कपाटात शिरले. रक्ताचं काही खरं नाही त्या माणसाचं. उद्या डॉक्टरांना सांगते. उद्या नाही, परवा.

२० मार्च

डोकं दुखतं. सर्दीनेच असणार.

१४ एप्रिल, ईस्टर

आजचा दिवस जन्मभर लक्षात राहील.

प्रभुभोजनाला आम्ही वाइनऐवजी द्राक्षांचा साधा रस वापरतो, दुकानातून बाटली येते. यंदा ती आलीच नाही. आणि आज नेमके मुख्य पाळक मिस्टर हेझलडीन चॅपल पाहायला आलेले, उंच, काळा कोट, ओठ शिवल्यासारखे मिटलेले. आमचे पाळकसाहेब पांढरेफटक पडले. मी म्हटलं, "आपलं पौष्टिक आहे की. रंग तोच आहे."

पाळकसाहेबांनी वर छताकडे पाहिलं. "देव सांभाळून घेईल," म्हणाले.

बाक तर भरलेच, लोक पायऱ्यांवर उभे. इवल्या इवल्या पेल्यांतून वाटप झालं. मिसेस सगडेन एका रांगेतून गेली आणि थोड्या वेळाने टोपी बदलून दुसऱ्या रांगेतून पुन्हा आली. मिस्टर हेझलडीन यांनी पेला ओठाला लावला आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. भोजनानंतर उरलेलं फेकायचं नसतं, श्रद्धेने संपवायचं असतं. ती जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. बरंच उरलं होतं, कारण मी सुरई काठोकाठ भरली होती. पण माणूस कर्तव्याला पक्का. मिसेस सगडेनने मदत देऊ केली तर म्हणाले, "नको, भगिनी, हे ओझं माझं आहे."

मग ते व्यासपीठावर चढले आणि आपल्या लहानपणीच्या शेळीविषयी बोलले. शेळीचं नाव क्लेमेंटाइन. सगळे रडले. परत जाताना त्यांनी सर्वांचे हात हातात घेतले, काहींचे दोनदा. आमच्या पाळकसाहेबांनी त्यांना त्यांच्याच गाडीतून घरी पोहोचवलं, कारण मन भरून आलं असताना गाडी चालवू नये.

१२ मे

चॅपल राहणार. मिस्टर हेझलडीन यांचा निरोप आला. म्हणतात, इतकी ऊब असलेली मंडळी त्यांनी सबंध जिल्ह्यात पाहिली नाही. मी स्वयंपाकघरात बसून रडले. मग सगळ्यांसाठी जिंजरब्रेड केला.

नाक्यावरच्या पबचा मालक मात्र मला रस्त्यात भेटला आणि घुश्शात म्हणाला, "मिस हॅगार्थ, रविवारी माझ्याकडे चिटपाखरू नसतं, तुमच्या त्या चॅपलमुळे." पन्नास वर्षांत दारूबंदी मंडळाला जे जमलं नाही ते लोहाने करून दाखवलं.

३१ ऑगस्ट

आज गावचं प्रदर्शन होतं. सरबतांच्या गटात मी पौष्टिकाची बाटली ठेवली होती. दुपारी तंबूत गेले तर माझ्या जागेवर बाटली नव्हती. ती पलीकडच्या टेबलावर होती, लाल पट्टी लावलेली. पहिला क्रमांक, घरगुती वाइन, लाल.

मी परीक्षकांना गाठलं. लिंबू सरबत, मग बडीशेपेचं सरबत चाखून कंटाळलेले गृहस्थ, पण आता चेहऱ्यावर तेज होतं. मी म्हटलं, "तुमची चूक झालीय. हे पौष्टिक आहे."

"बाई, यात साखर घातलीत?"

"घातली. शक्तीसाठी."

"यीस्ट?"

"ब जीवनसत्त्वासाठी."

"मग काय केलंत?"

"काहीच नाही. ते आपोआप बुडबुडतं. गोडी जाते."

"गोडी कुठे जाते, असं वाटतं तुम्हाला?"

शाळेत इतकी वर्षं पाव भाजले. यीस्ट काय करतं ते मला पिठाच्या बाबतीत नीट माहीत आहे. बाटलीच्या बाबतीत मी कधी विचारच केला नाही.

ते हळू आवाजात म्हणाले, "दुकानातल्या कुठल्याही वाइनपेक्षा कडक आहे, बाई. आणि खरं सांगू का, चांगलीही आहे."

तंबूतून बाहेर पडले तेव्हा मागून लोक टाळ्या वाजवत होते. मी घरी आले आणि दार लावून घेतलं. वडील आठवले. त्यांचा कोट दारामागे लटकायचा, त्याला हाच वास यायचा, आणि हा वास माझ्या फडताळाला इतकी वर्षं येतोय. मावशी खुर्चीवर उभी राहून गायची ते आठवलं. मी सगळ्या गावाला दारू पाजली. देवाच्या घरात. ईस्टरला. म्हाताऱ्या मिस्टर टॉलींना तर मी दोन चमचे जास्त देत असे, हाडांसाठी.

संध्याकाळी जेबेझ ऑलर्टन यांनी दार वाजवलं. मी उघडलं नाही.

१ सप्टेंबर

सकाळी लवकर पाळकसाहेबांकडे गेले. ते अंडं खात होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला चॅपलमधून काढून टाका.

ते म्हणाले, "मिस हॅगार्थ, बसा. माझ्या वडिलांचा केंटमध्ये पब आहे. मला पहिल्या घोटालाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्यांदा तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मग माझं प्रवचन चांगलं झालं म्हणून. त्यानंतर फार उशीर झाला होता." त्यांनी अंड्यावर मीठ घातलं, पुन्हा घातलं. "ईस्टरला मात्र मी रात्रभर जागा होतो."

"माझी शपथ मोडली. मी केवढं पाप केलं, सांगा."

"मला त्याचं माप काढता येत नाही," ते म्हणाले. "धर्मशास्त्रात मी कसाबसा पास झालोय. पण ज्याला ठाऊक नाही त्याची शपथ मोडत नाही, एवढं पुस्तकात होतं. ठाऊक होतं ते आम्हाला. तेव्हा क्षमा मागायचीच तर आम्ही मागायला हवी."

तरी मी उपासनेत उभी राहिले. मुख्य पाळक मिस्टर हेझलडीनही आलेले होते, हल्ली ते आमच्याकडे वरचेवर येतात. मी म्हटलं, "मी तुम्हाला जे देत आले ती दारू होती. मला माहीत नव्हतं."

चॅपलभर आश्चर्य पसरलं. इतकं वाईट वठवलेलं आश्चर्य मी शाळेच्या नाटकातही पाहिलं नाही. मिस्टर टॉलींनी हात छातीवर ठेवला, पण चुकून उजव्या बाजूला. खाणकामगार एकमेकांकडे बघून "दारू?" "अरे, दारू?" म्हणत राहिले. मिसेस सगडेन म्हणाली, "मला तर स्वप्नातही आलं नसतं," आणि तिची शेजारीण हसू दाबताना खाली वाकली. मिस्टर हेझलडीन भिंतीकडे पाहत म्हणाले की त्यांना कसलाही वेगळेपणा जाणवला नव्हता, आणि चॅपलबद्दलचा निर्णय काही बदलत नाही.

मला कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभर सबंध गाव माझ्यासमोर लोहाबद्दल बोलत राहिलं.

राग यायला हवा होता. आला नाही. मी एवढंच सांगितलं, की यंदा बेऱ्यांचं फक्त सरबत होईल, उकळून, यीस्टशिवाय.

मग मागून मिसेस सगडेनचा आवाज आला, "पण ब जीवनसत्त्वाचं काय?"

८ सप्टेंबर

आज उपासनेला चहा होता. नुसता चहा. मला वाटलं आम्ही पुन्हा मूठभर उरणार. काही खाणकामगार गेले खरे, पबचा मालक दारात उभा राहून त्यांचं स्वागत करत होता. पण बाक बरेचसे भरलेले होते. लोकांना एकत्र बसून गाण्याची सवय लागलीय. गाणं पूर्वीपेक्षा सुरात झालं, हे कबूल करायला हवं.

१० सप्टेंबर

संध्याकाळी जेबेझ ऑलर्टन आले. प्रदर्शनापासून मी त्यांना टाळत होते. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

मी म्हटलं, "मिस्टर ऑलर्टन, डोस आता बंद. ती दारू होती. तुम्हालाही कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"आणि तरी रोज प्यायलात. आवडत होती, म्हणजे."

त्यांनी टोपीचा काठ फिरवला. "नाही, बाई. मला ती चव बिलकूल सहन होत नाही. बुटाचं पॉलिश प्यायल्यासारखं वाटतं. मी शपथबिपथ घेतलेली नाही, पण पबातही मी बिनदारूची जिंजर बिअर घेतो."

"मग वर्षभर रोज इथे कशासाठी येत होता?"

त्यांचे कान लाल झाले. लोहाचा थेंब पोटात नाही, आणि तरी लाल. मी ते कान पाहिले आणि हातातली किटली टेबलावर ठेवली, कारण ती जड वाटायला लागली होती.

"माझं रक्त उत्तम आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, बैलासारखं. हे रक्ताचं काही नव्हतं, विनी."

विनी मला मावशीनंतर कुणी म्हटलेलं नाही.

मी त्यांना आत बसवलं, दोन कप काढले, चहा ओतला. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, सांगितलं की चहात लोह अजिबात नसतं, उलट अंगात असलेलंही तो लागू देत नाही.

ते म्हणाले, "चालेल."